रियाधमध्ये मैत्रिणी मिळतील, पण रस्त्यावर मिळणार नाहीत

प्रश्न असा होता: ‘मिस्टरांना रियाधच्या एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली आहे. आम्ही नाशिकचे, मुलगी तिसरीत. ऐकून ऐकून धास्ती बसली आहे की तिथे बायकांना एकटीने बाहेर पडता येत नाही, देव ठेवता येत नाहीत, बोलायला माणूस मिळत नाही. मी चाळीत, माणसांच्या गोतावळ्यात वाढलेली. माझा जीव तिथे रमेल का? ओळखी करायच्या तरी कशा?’

तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही, जुनं आहे. मी रियाधला गेले तेव्हा हॉटेलला दोन दारं असायची, एक ‘सिंगल्स’चं आणि एक ‘फॅमिली’चं. नमाजाची बांग झाली की दुकानाचं शटर खाली यायचं. मॉलमध्ये आखूड थोब, म्हणजे पुरुषांचा पायघोळ अंगरखा, घातलेले मुतव्वा फिरायचे, म्हणजे धर्माचे पोलीस, आणि डोक्यावरची ओढणी सरकली की मागून हटकायचे. एप्रिल २०१६ मध्ये त्यांचा अटकेचा आणि पाठलागाचा अधिकार काढून घेतला गेला. २०१८ च्या एप्रिलमध्ये पस्तीसहून जास्त वर्षांनी शहरात सिनेमा थिएटर उघडलं, जूनपासून बायका गाडी चालवायला लागल्या. डिसेंबर २०१९ मध्ये दोन दारांची सक्ती गेली आणि २०२१ पासून नमाजाच्या वेळी दुकान उघडं ठेवायला मुभा मिळाली. परदेशी बाईला अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा, आता सक्तीचा नाही, सैल आणि अंगभर कपडे पुरतात. तरीही एक साधा काळा अबाया घेऊन ठेवा. बथ्याच्या, म्हणजे जुन्या रियाधमधल्या गजबजलेल्या बाजारात किंवा सरकारी कचेरीत तो असला की बरं पडतं, शिवाय घरातल्या गाऊनवर चढवून खाली बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, पटकन जाऊन येता येतं. तिथे राहिलेली कुठलीही बाई हा फायदा हसत हसत सांगेल.

तेव्हा एकटीने बाहेर पडण्याची चिंता सोडा. मी बरीच वर्षं तिथे भारतीय मुलांना शिकवलं आणि आता इथून आखातात जाणाऱ्या कुटुंबांना चार गोष्टी सांगत असते. त्या अनुभवावरून सांगते, एकटेपणा येतो तो शहराच्या रचनेमुळे, आणि त्याहून जास्त आपल्याच माणसांच्या वागण्यामुळे.

आधी रचना. रस्ते आठ पदरी, फुटपाथ असलाच तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कुणी त्यावर चालत नाही. घरांना माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या भिंती, खिडक्यांवर पडदे. गॅलरीत उभं राहून समोरच्या बाईला ‘आज काय भाजी?’ विचारण्याची सोयच नाही. तिथे सगळी माणुसकी बंद दाराच्या आत असते आणि आत जायला कुणीतरी बोलवावं लागतं. नाशिकमध्ये ओळख आपोआप होते, रियाधमध्ये ती मुद्दाम करावी लागते. पहिल्या महिन्यात हे लक्षात आलं नाही, तर बायका चार भिंतींत बसून फोनवर आईशी बोलत राहतात, आणि सहा महिन्यांनी नवऱ्याला म्हणतात, मला परत पाठव.

घर कुठे घेताय त्यावर अर्धी लढाई ठरते. कंपनी कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या भिंतीआडच्या वसाहतीत, जागा देत असेल तर प्रश्नच नाही. आत पोहण्याचा तलाव, मुलांना सायकल फिरवायला रस्ता, अबाया नाही, कटकट नाही. पण कंपाउंडची भाडी बांधकाम कंपन्यांतल्या मधल्या फळीला बहुधा झेपत नाहीत. मग फ्लॅट. त्यासाठी मलझ, सुलैमानिया, हारा या जुन्या भागांत बघा, जिथे खालच्या मजल्यावर केरळी कुटुंब, वर हैदराबादी, शेजारी पाकिस्तानी किंवा इजिप्शियन असतं. त्याच भाड्यात उत्तरेला नव्या वस्तीत मोठा हॉल मिळतो म्हणून बरेचजण तिकडे जातात. तो मोठा हॉल रिकामाच राहतो. मिस्टर सकाळी सातला जाणार, संध्याकाळी येणार, आणि तुम्हाला हाकेच्या अंतरावर एकही ओळखीचं दार नसणार. मी तर म्हणेन, एक खोली कमी घ्या, पण मुलीच्या शाळेची बस जिथे चार-पाच भारतीय मुलं उचलते त्या इमारतीत घ्या. आता मेट्रो झाली आहे, तिची निळी मार्गिका ओलायावरून बथ्याला जाते, त्यामुळे जुन्या भागात राहणं आणखी सोयीचं झालंय. डब्यांत फॅमिली आणि सिंगल्स असे वेगळे भाग आहेत, त्यामुळे मुलीला घेऊन बिनधास्त जा.

शाळेची बस हे तुमचं पहिलं दार. रियाधची इंटरनॅशनल इंडियन स्कूल १९८२ मध्ये सुरू झाली, सीबीएसई आहे, हजारो मुलं शिकतात, मुलामुलींचे विभाग वेगळे. पहाटे बसची वाट बघत इमारतीच्या दाराशी ज्या आया उभ्या असतात, त्यांच्यातलीच एक तुमची मैत्रीण होणार आहे. ती मराठी असेल असं नाही, आणि नसलेलीच बरी, का ते पुढे सांगते. ओळख वाढवायला तिथे एक हमखास उपाय आहे: काहीतरी मागायला जा. कढीपत्ता, विरजण, गॅस सिलिंडरवाल्याचा नंबर. द्यायला गेलात तर समोरची संकोचते. मागायला गेलात तर ती दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे काही मागायला येते आणि दार उघडं होतं.

आता मराठी मंडळी. आहेत, भरपूर आहेत. अभियंते, बँकेतले, रुग्णालयांतल्या परिचारिका, आणि सगळ्यांच्या आधीपासून तिथे असलेले चिपळूण, खेड, दापोली, श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. त्यांच्यातल्या कित्येकांची दुसरी-तिसरी पिढी आखातात आहे. त्यांच्याशी ओळख करायला कचरू नका. गावाकडे ज्या एसटीने तुम्ही कोकणात गेला असाल त्याच एसटीने ते घरी जातात. रमजानात इफ्तारला बोलावलं तर जरूर जा. सांदणं, घावन आणि तिखट कालवण असं ताट रियाधमध्ये दुसरीकडे मिळायचं नाही. शिवाय अरबी येणारी, सरकारी दारं माहीत असलेली माणसं तीच. रमजानात दिवसा रस्त्यावर, गाडीत पाणीसुद्धा पिऊ नका, हा नियम धर्म न बघता सगळ्यांना आहे.

देवांचं विचारलंत. घरात देव ठेवले तर कुणी बघायला येत नाही. सार्वजनिक पूजा मात्र चालत नाही, देऊळ नाही, मंडप नाही. म्हणून तिथला गणपती कसा असतो ते सांगते. मूर्ती पुण्याहून आणायच्या भानगडीत बहुतेक कुणी पडत नाही. सुपारीचा गणपती बसतो, किंवा कुणीतरी हातची बोटभर मूर्ती मातीची करतं. आरतीला चार-पाच घरं जमतात. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर न ठेवता आत घेतात, एका चादरीवर ओळीने मांडतात, कारण जिन्यात तीस चपला दिसल्या की वॉचमन विचारतो. झांजा नसतात. टाळ्या वाजवायच्या त्याही तळवे पोकळ धरून. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ इतक्या हळू आवाजात म्हटलेली मी फक्त तिथेच ऐकली, आणि ‘घालीन लोटांगण’ला मुलांचा आवाज चढला की सगळ्या आया एकदम ओठांवर बोट ठेवतात. विसर्जन बादलीत, माती तुळशीच्या कुंडीत. मोदक मात्र उकडीचेच. तांदळाची पिठी, ओला नारळ, गूळ सगळं लुलू या सुपरमार्केटात मिळतं.

मोठा जमाव करायचा तर इस्तिराहा भाड्याने घेतात. शहराच्या कडेला भिंतींच्या आत असलेली ही विसाव्याची घरं, हिरवळ, छोटा तलाव, गालिचे घातलेली मोठी खोली. सौदी कुटुंबंही सुटीच्या रात्री तिथेच जमतात. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचं हळदी-कुंकू, मुलांची नाटुकली तिथे होतात. रात्री ईशाच्या नमाजानंतर सुरू होऊन दीड-दोनपर्यंत चालतात, कारण त्या शहराचा दिवसच रात्री सुरू होतो. जा, मजा करा, पण फोटो टाकताना सांभाळा. बायकांचे फोटो त्यांना न विचारता टाकू नका, पूजेचे तर नाहीच. तिथल्या २०१९ च्या सार्वजनिक शिष्टाचाराच्या नियमांत परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढण्यालाही दंड आहे. धर्म, राजकारण, राजघराणं यांवरचे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड तर बोटालाही लावू नका. सायबर कायदा कडक आहे आणि ‘मला नुसतं आलं होतं, मी पुढे पाठवलं’ हा बचाव होत नाही.

आणि आता ती कडू गोष्ट. मराठी गटात नवी बाई आली की पहिला प्रश्न तिच्या नावाचा नसतो, ‘मिस्टर कुठल्या कंपनीत?’ हा असतो. दुसरा, ‘कंपाउंडमध्ये का?’ या दोन उत्तरांवर तुमची खुर्ची ठरते. तेलकंपनीतल्या साहेबांच्या बायका एकीकडे, ठेकेदाराकडच्या इंजिनियरच्या दुसरीकडे, आणि बथ्यात दुकानात नोकरी करणारा, खोलीत सहाजणांबरोबर राहणारा सोलापूरचा मुलगा कुठल्याच यादीत नाही. सौदी समाज कर्मठ म्हणून आपण नाकं मुरडतो, पण जेवढ्या भिंती आपण भारतीयांनी आपसात घातल्या आहेत तेवढ्या मला तिथल्या लोकांनी घातलेल्या दिसल्या नाहीत. छोट्या गोतावळ्यात गॉसिपही फार. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाचा करार संपतोय, सगळं शुक्रवारच्या जेवणात चघळलं जातं. म्हणून म्हटलं, सगळ्यात जवळची मैत्रीण गटाबाहेरची असू द्या. मल्याळी, तेलुगू, फिलिपिनो, कुणीही. जिच्याकडे रडलात तर ते परत तुमच्या कानावर यायचं नाही.

पैशांचं एक सांगून ठेवते. भिशी लावतात बायका. छोटी, चार घरची, ओळखीची असेल तर तुमची मर्जी, पण तिकडे माणसं एका रात्रीत ‘फायनल एक्झिट’वर जातात, म्हणजे कायमची परत, आणि भिशीला कागद नसतो. त्याहून जपायचं ते वर्गणी गोळा करताना. कुणावर प्रसंग आला म्हणून गटावर खाते क्रमांक टाकून पैसे जमवायचे, हे आपल्याकडे पुण्याचं काम. सौदीत परवान्याशिवाय देणगी गोळा करणं गुन्हा आहे. मदत करायची तर आपापली, थेट. तसंच डिपेंडंट इकाम्यावर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर, नोकरीची परवानगी नसते, त्यामुळे घरी डबे, शिकवण्या, पार्लर सुरू करायचा मोह होईल तेव्हा आधी नियम विचारा. शाळेत शिकवायचं असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी मिळण्याची वाट आहे, शाळाच ती सांगते.

सौदी मैत्रिणी होतात का? होतात, पण सावकाश. मिस्टरांना त्यांचा सौदी सहकारी घरी बोलावेल तेव्हा पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, आणि तुम्ही आत बायकांत. आत गेलात की चकित व्हाल, बाहेर काळ्या अबायात दिसणाऱ्या त्या बायका घरात झगमगीत कपड्यांत, मोकळ्या केसांनी, आपल्याइतक्याच मोठ्याने हसत असतात. वेलचीचा फिकट कहवा, म्हणजे अरबी कॉफी, येईल, कप अर्धाही भरणार नाहीत, कारण कमी भरणं हाच मान. संपला की पुन्हा ओततील, पुन्हा ओततील. पुरे झाला की कप डावी-उजवीकडे जरा हलवायचा, मग थांबतात. उजव्या हाताने घ्या. भिंतीवरची वस्तू फार वाखाणू नका, काढून हातात देतील आणि नाही म्हणणं अवघड होईल. आणि मिस्टरांना बजावून ठेवा, सहकाऱ्याला ‘वहिनी कशा आहेत?’ असं थेट विचारायचं नाही. ‘घरचे सगळे बरे ना?’ एवढंच. तरुण सौदी मुलींशी ओळख व्हायला योग हे चांगलं निमित्त आहे. २०१७ च्या शेवटी तिथे योगाला खेळ म्हणून मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी नौफ मरवाई या सौदी योगशिक्षिकेला आपल्या सरकारने पद्मश्री दिली. नाशिकची बाई म्हणून तुम्हाला सूर्यनमस्कार येतच असतील.

एका गोष्टीची मनाची तयारी करा. तिथली मैत्री लवकर जुळते आणि लवकर तुटते. एकमेकींच्या बाळंतपणात डबे पोचवलेली, मुलांना आळीपाळीने सांभाळलेली मैत्रीण एक दिवस सांगते, ‘जूनमध्ये आम्ही जातोय.’ त्यामागे कधी पैसाही असतो. जुलै २०१७ मध्ये प्रत्येक अवलंबितामागे दरमहा शंभर रियालचा कर लागला, दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये तो चारशेवर गेला. तुमचे आणि मुलीचे धरून वर्षाला ९,६०० रियाल, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर, आणि इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायचे. त्या दोन-तीन वर्षांत वर्ग अर्धे झालेले मी पाहिले. बायका-मुलं गावी आणि नवरे खोल्यांमध्ये. तेव्हा हा कर कंपनी भरणार की मिस्टर, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या. उन्हाळ्यातही असंच होतं. शाळेला सुटी लागली की भारतीय इमारत रिकामी होते. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही तिथे राहणार असाल तर जुलै भयंकर जाईल, आधीच सांगते. शक्य असेल तर तेव्हा माहेरी या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम, तेव्हा वादी हनीफाच्या काठी डबे घेऊन जा, थुमामाच्या वाळूत शेकोटी करा, दिरियाची मातीची जुनी राजधानी बघा.

आता त्या मैत्रीचा कस कुठे लागतो ते. आमच्या ओळखीत एक गृहस्थ रात्री छातीत दुखून गेले. बायको तिशीतली, अरबी येत नाही, मुलगा पहिलीत. सौदीत अग्निसंस्काराची सोय नाही, म्हणजे देह भारतातच न्यायचा. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचं पत्र, मृत्यूचं प्रमाणपत्र, दूतावासाचं ना हरकत पत्र, पासपोर्ट रद्द करणं, फायनल एक्झिट, आणि या सगळ्यासाठी घरच्यांनी कुणाच्या तरी नावे दिलेलं मुखत्यारपत्र. शुक्रवार-शनिवार कचेऱ्या बंद. खर्च कायद्याने मालकाचा असतो, पण मालकाकडून वेळेत कागद काढणं हे वेगळंच काम. तिच्याबरोबर खिडकी खिडकी फिरला तो केरळचा, केएमसीसी या मल्याळी मुसलमानांच्या संघटनेचा स्वयंसेवक. असली कामं त्या संघटनेची माणसं वर्षानुवर्षं करताहेत, जात-धर्म न विचारता. त्या घरी मुलाला सांभाळायला राहिली ती खालच्या मजल्यावरची पाकिस्तानी बाई. शुक्रवारच्या जेवणावळीत नेहमी दिसणाऱ्यांपैकी दोघी आल्या, बाकीच्यांनी गटावर हात जोडल्याची चित्रं टाकली.

घाबरवायला हे सांगत नाही. गेल्यावर पहिल्या महिन्यात एवढं करा: मिस्टरांच्या ‘अबशर’ या सरकारी ऑनलाइन सेवेच्या खात्यात काय असतं ते स्वतः समजून घ्या, इकामे, पासपोर्ट, नोकरीचा करार आणि विम्याची कार्डं यांच्या प्रती तुमच्या फोनमध्ये आणि माहेरी एका माणसाकडे ठेवा, तुमच्या नावाचं बँक खातं उघडा. दूतावासात नोंदणी करा. तो डिप्लोमॅटिक क्वार्टरमध्ये आहे, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनाला सगळ्यांना जाता येतं, ओळखी करायलाही ती जागा चांगली. रुग्णवाहिकेसाठी ९९७, पोलिसांसाठी ९११. आणि गाडी चालवायला शिका. प्रिन्सेस नूरा विद्यापीठाच्या आवारात बायकांसाठी प्रशिक्षण केंद्र आहे, नंबर लागायला वेळ जातो म्हणून लगेच नाव घाला. गाडी आली की तुम्ही कुणाच्या तरी उपयोगी पडता, आणि तिथे मागणी त्याच बाईला असते.

मुलीची काळजी करू नका, ती तुमच्या आधी रुळेल. महिन्याभरात हैदराबादी हिंदी बोलायला लागेल, ‘नक्को’, ‘हौ’ म्हणेल, रागावू नका. फक्त तिची मैत्रीण गाव सोडून जाईल तेव्हा ‘नवीन मिळेल गं’ म्हणून विषय उडवू नका. तिला विमानतळावर निरोपाला घेऊन जा.

सामानात गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ भरा. बाकी डाळ-तांदूळ बथ्यात इथल्यासारखंच मिळतं. खसखस मात्र चिमूटभरही नेऊ नका, अनारसे करायचेत म्हणूनसुद्धा नाही. तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, आणि गोड्या मसाल्यातही घातली असेल तर बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या. खोकल्याची आणि दुखण्याची औषधं नेणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, कोडीनवाली असतील तर घरीच ठेवा.